रजिस्टरात नसलेल्या बायका

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं महापालिकेच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवत होती. सगळं शहर तिला तलाववाल्या बाई म्हणतं. मी ताई म्हणते, आणि रागावले की नुसतं 'अगं ए'. तलाव बंद होऊन सहा महिने झाले, तरी दुपारचे अडीच वाजले की ती उठते, टॉवेल खांद्यावर टाकते, दारापर्यंत जाते आणि तिथून मला विचारते, "बाहेरून काही आणायचंय का गं?" मी शिवणकाम करते, म्हणून रोज दोरा सांगते. रिळं इतकी साठली आहेत की ती संपवायला मला शंभर वर्षं जगावं लागेल.

ताईची शिकवायची रीत जगावेगळी. नवी बाई पाण्यात उतरली की ताई तिला उताणी झोपवायची, पाठीखाली आपला तळहात द्यायची आणि विचारायची, "घरी कोण कोण असतं?" बाई बिचारी थरथरत एकेकाचं नाव घ्यायची. नणंदेपर्यंत आली की आवाज जरा मोकळा व्हायचा. सासूपर्यंत आली की तिला पाण्याचा विसरच पडायचा. मग ताई हळूच हात काढून घ्यायची आणि बाई तावातावाने गाऱ्हाणी सांगत एकटी तरंगत राहायची. शहरातल्या निम्म्या सुनांना त्यांच्या सासवांनीच तारलंय, असं मी म्हणायचे.

मी स्वतः मात्र कधी उतरले नाही. मला पाण्याची धास्ती. पुढच्या उन्हाळ्यात नक्की, असं म्हणत एकतीस उन्हाळे घालवले. दाराशी बसून मी त्या बायकांना परत जाताना बघायचे. केस ओले, डोळे लाल आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, की मला हेवा वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतो.

दुपारची वेळ बायकांसाठी फुकट होती. फक्त दारावरच्या रजिस्टरात नाव लिहायचं. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. कितीतरी जणी घरी न सांगता यायच्या. या वयात पोहायचे कपडे घालून पाण्यात डुंबायचं, हे सांगायचं कुणाला आणि कसं? "बाई, माझं नाव नका लिहू," असं एकीने म्हटलं, ताईने लिहिलं नाही. मग दुसरीने म्हटलं. शेवटी पाण्यात चाळीस बायका आणि रजिस्टरात बारा, असा कारभार झाला. घरी काय सांगायचं, तर शिवणवालीकडे माप द्यायला जाते. आमचं घर तलावाच्या मागेच, त्यामुळे ते खपून जायचं. औषधांच्या दुकानातली सून तर वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा माझ्याकडे माप देत होती. एवढ्या मापांत मी अख्ख्या पलटणीचे कपडे शिवले असते.

आताचे महापौर निवडणुकीच्या वेळी तलावावर आले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर बसले, पाण्यात पाय सोडले, फोटो काढून घेतला. "हा तलाव म्हणजे या शहराचा जीव आहे," असं म्हणाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतंही दिली. मीही दिलं. आता कपाळावर हात मारून काय उपयोग?

निवडून आल्यावर वर्षभरात काटकसर सुरू झाली. वाचनालय संध्याकाळी बंद. बस तासातून एक. बागेतली बाकं मोडली ती मोडलीच, म्हातारी माणसं झाडाच्या कट्ट्यावर रुमाल अंथरून बसायला लागली. न्हाव्याच्या दुकानात, दुधाच्या रांगेत, जिथे जावं तिथे एकच बोलणं, यालाच का आपण निवडून दिलं? महापालिकेसमोरचं रंगीत कारंजं मात्र दिवसरात्र उडत होतं. त्याला पाणीही होतं आणि वीजही.

मग तलावाचा नंबर लागला. बंद करण्याआधी नागरिकांचं म्हणणं ऐकायचं म्हणून महापौरांनी सभा घेतली. सभागृह खचाखच भरलं होतं. महापौर गोड बोलतात, ते मान्य करायला हवं. ते म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय. पण रजिस्टर सांगतं, दिवसाला बारा बायका. बारा जणींसाठी एवढा तलाव कसा चालवायचा, तुम्हीच सांगा."

मी ताईकडे बघितलं. तिने मान खाली घातली.

"इथे जमलेल्यांपैकी दुपारी तलावावर कोण कोण जातं?" महापौरांनी विचारलं. "हात वर करा. मी स्वतः मोजतो."

नऊ हात वर झाले. बाकीच्या सगळ्या तिथेच होत्या. बेकरीवाल्याची बायको नवऱ्याशेजारी पायांकडे बघत होती. शाळेतल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या, ते शेवटपर्यंत सापडलं नाही. औषधांच्या दुकानातली सून माझ्या पुढच्याच रांगेत, सासूला खेटून बसली होती. सासू ताठ, नजर समोर. सुनेची बोटं पदराशी चाळा करत होती, पण हात काही वर जाईना.

माझं डोकं फिरलं. मी हात वर केला. दहावा.

कारकुनाने नाव विचारलं, बोट फिरवत रजिस्टर पाहिलं आणि म्हणाला, "या नाहीत यात."

सभागृहात हशा पिकला. महापौरही हसले. "भावना समजतात मला," असं म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

घरी येताना मी ताईला फाडून खायचंच बाकी ठेवलं. "अगं ए, एक वाक्य बोलली असतीस! चाळीस येतात, मीच लिहिलं नाही, एवढंच! तुझं काय गेलं असतं?"

"मग त्यांनी नावं विचारली असती," ताई म्हणाली. "मी शब्द दिलाय त्यांना. सभा संपल्यावर त्यांना आपापल्या घरी जायचं होतं."

"आणि तलाव?"

ती भरभर पुढे चालू लागली. त्या दिवशी जेवलीही नाही. पंधरा दिवसांनी पाणी सोडून दिलं, फाटकाला कुलूप लागलं. तिथे गाड्या लावायची जागा होणार, असा फलक उभा राहिला.

आणि मग बायका आमच्याकडे यायला लागल्या. एकेकट्या, दुपारच्या. पहिली आली बेकरीवाल्याची बायको. "बाई, माझं नाव लिहा आता."

"रजिस्टर महापालिकेने नेलं," ताई म्हणाली.

"तरी लिहा."

ताईने माझी मापांची वही ओढली आणि मागच्या पानावर लिहिलं. मी मशीनवरून म्हणाले, "बैल गेला आणि झोपा केला." ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. बायका नाव सांगायच्या आणि लगेच उठायच्या नाहीत. पाणी किती गार असायचं, पाठीवर पडलं की आभाळ कसं दिसायचं, असलं काहीतरी बोलत बसायच्या. जिवाभावाचं माणूस परगावी गेल्यावर बोलावं, तसं बोलायच्या.

परवा औषधांच्या दुकानातली सून आली. ताई तिचं नाव लिहीत होती तेवढ्यात दारात सावली पडली. बघते तर तिची सासू. सून पांढरीफटक. तोंडातून सवयीने निघून गेलं, "आई, मी माप द्यायला आले होते."

सासूने वहीकडे बघितलं. आत येऊन खुर्चीवर बसली आणि ताईला म्हणाली, "माझंही लिहा. मंगळवार, शुक्रवार. चार वर्षं."

माझं मशीन थांबलं. सून सोमवार-गुरुवारची. ताईने चार वर्षं दोघींना वेगवेगळ्या वारांना ठेवलं होतं, सासूला पुढच्या फाटकाने धाडलं होतं आणि मला, सख्ख्या बहिणीला, पत्ता लागू दिला नव्हता.

"तुम्ही तर गुडघ्यांच्या व्यायामाला जायचा ना?" सुनेने विचारलं.

"तोच व्यायाम."

"मग सभेत हात का नाही वर केलात?"

"तू शेजारी होतीस. सुनेसमोर कसा करू?" सासू म्हणाली. "आणि तू?"

"तुम्हाला घाबरून."

मग सासूने हळूच विचारलं, "तुला खोल बाजूला जाता येतं?"

"येतं."

"मला हिंमत झाली नाही कधी. एकटीला भीती वाटायची. तू बरोबर असतीस तर गेले असते."

ताईने दोघींची नावं एकाखाली एक लिहिली आणि पेन खाली ठेवलं. एकतीस वर्षांत ती बायकांसमोर कधी रडली नव्हती, त्या दिवशी रडली. सून सासूचा हात धरून बसली होती आणि कुणीच बाहेर बघत नव्हतं. तलावाच्या खोल बाजूला महापालिकेने सकाळपासून भराव टाकायला घेतला होता, आणि ट्रक रिकामे होण्याचा आवाज आमच्या खोलीत येत होता.