मेंदू बाहेरचं घेत नाही

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या दोन्ही पायांची दुसरी आणि तिसरी बोटं एकमेकांना जोडलेली होती. परंड्यातल्या आमच्या गल्लीतला जो तो येऊन बघून गेला, आणि पोर नशीबवान आहे असं सांगून चहाही पिऊन गेला. मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तर ते इतकं पटलं होतं की ते पाहुण्यांना आधी नातीचे पाय दाखवत आणि मग तोंड.

दोन वर्षांची झाली तरी ती चालेना, बोलेना. वजन वाढत नव्हतं, आणि उन्हात जरा नेलं की गाल लालबुंद होऊन किंचाळत सुटायची. आमच्याकडे उन्हाशिवाय दुसरं आहे काय! सोलापूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सगळ्यात आधी ती नशीबवान बोटं पाहिली आणि रक्त तपासायला दिलं. निदान ऐकून मला आधी हसूच आलं. माझ्या मुलीच्या शरीरात कोलेस्टेरॉल कमी होतं. ते तयार होण्याची शेवटची पायरी तिच्या अंगात जन्मापासूनच अडलेली होती.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कोलेस्टेरॉल वाढतं, तळलेलं खाऊ नका, असं दरवर्षी फळ्यासमोर उभी राहून पोरांना दरडावते. आमच्या घरात मामा ते कमी करायची गोळी घेतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्यात लई झालंय अन् तिच्यात न्हाय. माझ्यातलं काढून तिला घालता येत न्हाय का?"

मला त्या वेळी त्यांची फार माया आली.

बाईंनी सांगितलेला उपाय साधा होता: रोज अंड्याचा बलक. साधा म्हणजे पुण्यात साधा. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलेलं नव्हतं. मामा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छीला आणि अंड्याला शिवायचं नाही, हॉटेलातला चहासुद्धा नाही; परगावी निघाले तर घरची भाकरी बांधून नेणार. माहेरी माझा रविवार कोंबडीशिवाय पार पडत नसे, पण लग्न झाल्यावर मीही सगळं सोडलं होतं. निदान सासरी तरी.

सुरुवातीला मी मागच्या अंगणात वेगळी चूल मांडून, वेगळ्या पातेल्यात अंडी उकडली. पण माझी शाळा सकाळची, नवरा साखर कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. भरवणार कोण? एका सकाळी मामांनी गळ्यातली माळ काढली, डोळ्यांना लावली आणि देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवली.

"हितंच गॅसवर उकड," म्हणाले. "भाईर वाऱ्यानं चूल इझतीय."

त्या दिवसापासून ते भजनाला टाळ घेऊन बसेनासे झाले. देवळाच्या दारात उभं राहून ऐकायचे आणि परत यायचे. कुणी विचारलं तर म्हणत, "नात बोलली की घालीन माळ."

त्यांचा भरवसाच तसा होता. अंडं पोटात जाईल, तिथून डोक्यात चढेल, आणि एक दिवस ती 'आबा' म्हणेल. आधी आधी अंडं सोलताना ते तोंड फिरवून घेत. वासानं त्यांना मळमळायचं. पुढे हात बसला. बलक दुधात कालवून चमच्यानं भरवायचे, आणि शेवटचा घास झाला की तिच्या कपाळावर बोट टेकवायचे.

"चढू दे माय. डोस्कं चालू हू दे."

अंडं लागूही पडलं. ती भरली, उन्हानं उठणारी लाली कमी झाली, भिंतीला धरून उभी राहायला लागली. बोलली मात्र नाही.

पुन्हा पुण्याला गेलो तेव्हा मी बाईंना हेच विचारलं. त्या म्हणाल्या, "अंड्यातलं मेंदूत पोचत नाही." मग त्यांनी नीट समजावलं. मेंदूला कोलेस्टेरॉल लागतं, आणि भरपूर लागतं. मेंदूतल्या बारीक तारांवर जे आवरण चढतं त्यात ते बरंच असतं. पण मेंदू ते रक्तातून घेत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते आत सोडतच नाही. तिथल्या पेशी आपलं आपणच तयार करतात, साध्या कच्च्या मालापासून एकेक पायरी चढत, आणि काही पेशी तर शेजारच्या पेशींनाही पुरवतात. माझ्या मुलीच्या मेंदूतही ते काम चालू होतं, फक्त शेवटच्या पायरीशी येऊन अडत होतं, आणि तिथवर बाहेरून कुणाचा हात जात नव्हता. "थोडे शब्द येतील, किंवा खुणांनी बोलेल," बाई म्हणाल्या. "शिकवत राहा. अंडं मात्र सोडू नका."

मला राग आला. कुणाचा, तर मेंदूचा. रक्तानं दारापर्यंत आणून दिलंय आणि हा शहाणा दार उघडत नाही! कुर्डुवाडी येईपर्यंत मी गाडीत त्याच्यावर धुमसत बसले होते. मग हे मामांना सांगायचं आहे, ते आठवलं आणि रडू फुटलं. नवऱ्यानं मुलीला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं.

परंड्याच्या स्टँडवर मामा छत्री घेऊन उभे होते, नातीला ऊन लागू नये म्हणून.

"काय म्हनल्या बाई? डोस्क्याचं काय?"

"घरी सांगते, मामा."

घरी पाणी पिऊन झालं. फळ्यासमोर मी हे धडाधड सांगितलं असतं. त्यांना ते त्यांच्याच शब्दांत सांगायला हवं होतं.

"मामा, मेंदू तुमच्यासारखाच आहे," मी शेवटी म्हणाले. "माळकरी. बाहेरचं चालत नाही त्याला. आपलं आपण रांधून खातो. अंडं अंगाला पोचतं, पण डोक्याच्या दारातून परत फिरतं."

त्यांना लगेच कळलं. "मंजी आजपतुर एकबी वर गेलं न्हाय?"

"नाही."

ते उठले, देव्हाऱ्याकडे गेले आणि खिळ्यावरची माळ काढून तळहातावर धरली. माळ आता गळ्यात जाणार. आता पुन्हा अंगणातली चूल, आणि भरवायला कुणी नाही. पण मी त्यांना कोणत्या तोंडानं थांबवणार होते? देवळाच्या दारात इतके दिवस उभा राहिलेला माणूस तो.

"अंगाला लागतंय म्हनलीस न्हवं?" ते पाठमोरेच म्हणाले.

"लागतं, मामा. त्याच्यामुळंच उभी राहायला लागली."

त्यांनी माळ पुन्हा खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा ते तिच्यासमोर मांडी घालून भरवत होते. शेवटचा घास झाला. सवयीनं त्यांचं बोट तिच्या कपाळाकडे गेलं आणि मध्येच थांबलं. मग त्याच बोटानं त्यांनी तिच्या ओठाला लागलेला बलक पुसला.

"डोस्क्यासाठी न्हाय गं माय," ते तिला म्हणाले. "तुझ्यासाठी हाय."