आबांच्या उपरण्याच्या गाठी

आटपाडीकडच्या आमच्या डाळिंबाच्या बागेत ठिबकचं पाणी फिरवायचा एक नियम आहे. आधी पुढच्या तुकड्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, मगच चालू असलेला बंद करायचा. उलटं केलं की पाण्याला वाट उरत नाही, दाब येतो आणि पाइप फुटते. माझा धाकटा भाऊ हे काम रोज मन लावून करायचा आणि पाइप फोडून ठेवायचा.

त्याआधी तो शिरवळला कारखान्यात असताना आजारी पडला. भिंतीपलीकडून माणसं आपल्याबद्दल बोलतात, असं त्याला ऐकू यायचं. त्याला घरी आणलं, सांगलीच्या डॉक्टरीणबाईंची औषधं सुरू झाली आणि आवाज थांबले. आम्हाला वाटलं, सुटलो. पण चहा ठेव आणि दुधावर झाकण घाल म्हटलं, की चहा ठेवून तो तिथेच उभा राही. पुढचं काम डोक्यातून गेलेलं असायचं. गावाने सांगून टाकलं, आळशी झालाय. आमच्या गावाला निदान करायची भारी हौस.

आबा, म्हणजे आमचे वडील, तसं म्हणाले नाहीत. पण एक दिवस पुन्हा पाइप फुटली तेव्हा त्यांनी पाण्याच्या मोटारीच्या पेटीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली आणि आपल्या उपरण्याच्या टोकाला बांधून टाकली. "तू बस आता सावलीला," म्हणाले. बागेत गडी ठेवायचं ठरलं. भाऊ सावलीला बसला तो जेवायलाही उठेना. त्याच्यापाशी उरलेलं एवढं एकच काम, तेही गेलं तर हा पोरगा उरणार कशाच्या आधारावर? मी लोणंदला, सासरी होते. माझा जीव थाऱ्यावर राहीना. आले, आबांशी कडाकडा भांडले आणि दोघांना घेऊन सांगली गाठली.

डॉक्टरीणबाईंनी भावाला काही शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. बरेचसे निसटले होते. मग त्या आबांना म्हणाल्या, "तुम्ही बघता का करून?"

"करू की," आबा हसून म्हणाले. बाई शब्द सांगू लागल्या तसं त्यांनी उपरणं मांडीवर ओढलं आणि शब्दागणिक एकेक गाठ मारायला सुरुवात केली. मेंढरांमागे हिंडायचे तेव्हापासूनची ही सवय. बाजाराला निघाले की उपरणं गाठींनी आखूड व्हायचं. लहानपणी आम्ही त्यावरून त्यांना फार चिडवायचो.

"आबा, गाठी न मारता," बाई म्हणाल्या.

आबांनी हात बाजूला घेतले. थोड्या वेळाने विचारलं तर त्यांनाही सांगता येईना. "गाठ न्हाई तर ध्यानात कसं ऱ्हाईल, म्याडम?" ते ओशाळून म्हणाले. भाऊ त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

बाईंनी समजावलं. आवाज आणि संशय ही अशा आजारांची एक बाजू. लक्षात ठेवणं, कामाचा क्रम लावणं अवघड जातं, ही दुसरी. आजारांची नावं निराळी असली तरी ही अडचण पुष्कळांना असते, आणि औषधाने ती फारशी हटत नाही. घरातल्या धडधाकट माणसांतही कधीकधी तिची हलकी छटा सापडते. एवढ्याशा परीक्षेवरून आबांचं काही ठरत नाही, हेही त्या म्हणाल्या. आळस मात्र हा नव्हे, आणि दोष कुणाचाच नाही. एका वेळी एकच काम सांगा, खुणा करून द्या. मला माझा स्वयंपाकाचा ओटा आठवला. कुकरच्या शिट्ट्या लक्षात राहत नाहीत म्हणून मी दर शिट्टीला तिथे एक चिंचोका ठेवते.

स्टँडवर एसटीची वाट बघताना भावाने विचारलं, "आबा, तुमाला बी हाय व्हय, माज्यावानी?"

मला वाटलं, आता भडकणार. आबांनी उपरणं मांडीवर ओढलं.

"हाय की," म्हणाले. "लय न्हाई. पर हाय." मग त्यांनी उपरण्याची गाठ सोडली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.

घरी आल्यावर आबांनी उपरण्याची एक चिंधी फाडून चालू व्हॉल्व्हला बांधली. चिंधी सोडून घ्यायची, पुढचा व्हॉल्व्ह उघडून त्याला ती बांधायची आणि मगच मागे येऊन पहिला बंद करायचा. भावाला ते जमू लागलं. तो पुन्हा पंगतीला बसून जेवू लागला. मी निर्धास्त झाले.

परवा माहेरी गेले होते. आम्ही बांधावर बसलो होतो आणि पाइप फुटली. चिंधी जुन्याच व्हॉल्व्हला होती; पुढचा उघडायच्या आधीच तो बंद केला होता. भाऊ नखशिखांत भिजून आला आणि त्याने किल्ली आबांपुढे धरली.

आबांनी ती घेतली नाही. "ठिव तुज्याकडं," म्हणाले. "माज्याकडनं बी फुटलीया, हितंच. चल, जोडू."

आबांच्या हातून पाइप फुटलेली मी कधी पाहिली नाही. ते दोघे चिखलात शेजारी शेजारी बसून पाइप जोडत होते. मी पदराने डोळे पुसले आणि चहा ठेवायला उठले.