अपुऱ्या तुकड्यावर सही नाही

तपासणीच्या अहवालावर अक्कांइतकी जपून सही करणारी बाई मी पाहिली नाही. बंगळुरूच्या एका रुग्णालयात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघून रोग ओळखायचं त्यांचं काम. तपासायला आलेला मांसाचा तुकडा अपुरा वाटला की दुसरा मागत, मग समोर कुणीही असो. सर्जन त्यांना 'अजून-एक-अक्का' म्हणत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, के. आर. पुरमजवळच्या कारखान्यात लेथवर होते. नव्वदच्या दशकात त्यांचं पोट सतत दुखू लागलं. पोटात दुर्बीण घालून काढलेला तुकडा बघून बाहेरच्या एका प्रयोगशाळेनं कॅन्सर सांगितला. सर्जननी जठर काढायचं ठरवलं. त्याआधी तुकडा अक्कांकडे गेला, आणि अडकला. त्यांना हा नेहमीचा कॅन्सर वाटेना. जठरात क्वचित होणारा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर असावा, पण साध्या सुजेतही अशा पेशी जमतात. खोलवरचे तुकडे हवेत, असं त्यांचं म्हणणं.

कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढलेला मी. कामगाराच्या पोटावर प्रयोग चालवलाय का, असं तावातावानं विचारायला गेलो. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं.

"भाषण झालं की बस. जठर काढलं की परत बसवता येत नाही, म्हणून थांबलेय."

खोलवर लिम्फोमाच निघाला, सावकाश वाढणारा. अस्तरावर जंतूही दिसले. हे जंतू औषधांनी मारले तर असा लिम्फोमा ओसरू शकतो, हे तेव्हा नुकतंच कळू लागलं होतं. सर्जन उखडले. कॅन्सरवर आठवड्या-दोन आठवड्यांच्या गोळ्या?

"हा सावकाश चालतो, डॉक्टर. आपणही स्वल्प सावकाश चालू," अक्का म्हणाल्या. "नाही ओसरला, तर कापा म्हणून मीच सांगेन."

कित्येक महिने गेले. पुन्हा पुन्हा दुर्बीण, पुन्हा तुकडे. अखेर ओसरला. बरा झालो का, असं अण्णांनी विचारलं, तर उत्तर आलं, "आज दिसत नाही. येत राहा." मला ते कंजूष वाटलं. अण्णांना पुरलं, घरी येऊन त्यांनी मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा, मागितला.

अक्का निवृत्त व्हायच्या आठवड्यात अण्णांनी काळजीनं विचारलं, आता माझं कोण बघणार? अक्कांनी नव्या डॉक्टर मुलीला बोलावून अण्णांचा जुना तुकडा भिंगाखाली लावला. "हा चेहरा ओळखून ठेव. परत आला तर चुकायचं नाही." मग अण्णांनाही वाकायला लावलं. त्यांनी एक डोळा मिटून जांभळे ठिपके बराच वेळ पाहिले.

"एवढुसे?"

"एवढुसेच, अण्णा. म्हणून तर बघायला माणूस लागतो."

पुढच्या तपासणीला अण्णांचा तुकडा त्या मुलीनंच पाहिला. अक्का तोवर होसकोटेला भावाकडे राहायला गेल्या होत्या.