साडूंनी लिहिलेला नियम

यवतमाळ जिल्ह्यात इंटरनेट चालतं ते आमच्या साडूंच्या परवानगीने आणि बंद पडतं ते त्यांचा विरोध डावलून, अशी माझी पक्की समजूत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वणीला बसस्टँडजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. समोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, आत प्रत्येक कीबोर्डवर काळी पूड बसते, आणि ती पुसता पुसता साडू जगातल्या तमाम सरकारांना आणि कंपन्यांना इंटरनेट कसं चालवावं ते सांगत असतात. ही मंडळी स्वतः दुकानात येत नाहीत, ही त्यांची मोठी अडचण होती. ती एका मराठी चर्चामंचाने दूर केली. तंत्रज्ञानावर मराठीत वाद घालायला जमलेल्या माणसांचा हा मंच. तिथे कोणीही यावं, प्रोग्रामिंगपासून सरकारी धोरणापर्यंत कशावरही लिहावं आणि साडूंकडून चूक दुरुस्त करून घ्यावी. सर्वांत जास्त दुरुस्त झालेला सभासद मी.

मी यवतमाळला एका कनिष्ठ महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवतो. पुस्तकात छापलेलं फळ्यावर उतरवून देण्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला की मला एकदम प्राचार्यांनी बोलावल्याचं आठवतं. मंचावर मात्र मी अधिकारवाणीने लिहितो, आणि तेही 'सत्यवादी' या टोपणनावाने. इंटरनेटवर प्रत्येकाने खऱ्या नावानेच लिहावं, तसा कायदाच व्हावा, असं माझं ठाम मत आहे आणि ते मी या टोपणनावाने कित्येक वर्षं मांडत आलो आहे. साडूंचं म्हणणं नेमकं उलट. नाव लपवून बोलता येणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं ते लिहितात. लिहितात मात्र स्वतःच्या संपूर्ण नावाने, खाली दुकानाचा पत्ता, फोन नंबर आणि 'रविवारी बंद' अशी सूचना देऊन. एकाने त्यांना ही विसंगती दाखवली तेव्हा साडूंनी उत्तर दिलं, "हक्क हाये म्हून तो वापरलाच पाह्यजे असं काई नाही. आमच्या साडभाऊले बोलायचा हक्क हाये, हेच ते 'सत्यवादी', तरी आमी त्याईले चूप बसा म्हनतोच ना!" माझ्या टोपणनावाचं आयुष्य तिथे संपलं. मी ते अजून वापरतो, सवयीने.

गिऱ्हाइकांचे हाल तर विचारूच नका. कार्ट्रिज भरायला आलेला माणूस खाजगीपणाच्या हक्कावर व्याख्यान ऐकून जातो आणि कार्ट्रिज विसरून जातो. एकदा कोळसा वाहतुकीच्या एका ऑफिसातून मशीन आलं, तक्रार एवढीच की हळू चालतं. साडूंनी ते उघडलं, आत काय काय विकतचं भरलेलं आहे ते पाहून त्यांच्या जिवाला लागलं, आणि कोणाला न विचारता त्यांनी त्यात फुकट मिळणारी, कोणाच्याही मालकीची नसलेली खुली प्रणाली टाकून दिली. दुसऱ्या दिवशी मुनीमजी घामाघूम होऊन दारात. "हिशेब कुठी गेला जी?" साडू समाधानाने म्हणाले, "हिशेब हाये तिथंच हाये. पन आता तुमी सोतंत्र झाले." मुनीमजी रडकुंडीला येऊन म्हणाले, "मले नाही सोतंत्र व्हाचं, मले बिलं काढाची हायेत!" साडूंनी निमूटपणे सगळं होतं तसं करून दिलं आणि संध्याकाळी मंचावर 'गुलामीची सवय' नावाचा लांबलचक लेख टाकला. मी गिऱ्हाइकाच्या बाजूने उतरलो. आठवडाभर आम्ही भांडलो आणि त्या आठवड्यात माझ्या वर्गाचं शिकवणं बरंच मागे पडलं.

हे भांडण मंचावरच राहिलं असतं तर आमच्या बायकांना काही म्हणायचं नव्हतं. पण अधिक महिन्यात सासूबाई जावयांना धोंड्याच्या जेवणाला राळेगावला बोलावतात. दोघांचे पाट शेजारी, पुढ्यात पुरणाचे धोंडे, वर तूप, आणि समोर सासूबाई कौतुकाने उभ्या. मागच्या खेपेला पहिला घास घेण्याआधीच साडूंनी मला विचारलं, की प्रोग्राम लिहिताना ओळ आत सरकवायची असते ती टॅबची एक कळ दाबून की चारदा स्पेस दाबून, यावर मी काल जे लिहिलं ते शुद्धीवर असताना लिहिलं काय. मी भाताची रेघ ओढून माझी बाजू मांडली. त्यांनी आपल्या ताटात ती रेघ चार बोटं आत घेतली. आवाज चढले. तूप थिजलं. सासूबाईंना वाटलं, जावयांचं शेताच्या बांधावरून बिनसलं. त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, "चार बोटं जाग्यासाठी कायले भांडून राह्यले बापू? पटवाऱ्याले बोलवा अन् धुरा मोजून घ्या." यावर दोघी बहिणी इतक्या हसल्या की वाढायचं राहून गेलं. आम्ही दोघे मात्र हसलो नाही, कारण मुद्दा अजून निकाली लागला नव्हता.

इतकं असूनही साडूंना रागीट कोणी म्हणू नये. रागवण्याचा मान त्यांनी माझ्यासारख्या जुन्या, निर्ढावलेल्या लोकांसाठी राखून ठेवला होता. नवखा माणूस भीत भीत काही विचारायला आला की त्यांची भाषाच बदलायची. त्याच्या चुकलेल्या प्रोग्राममध्ये ते तासन् तास डोकं घालून बसत आणि शेवटी 'तुमचं जवळपास बरोबरच होतं' असं लिहीत. मला हे वाक्य त्यांनी आजवर लिहिलेलं नाही.

मंचावर मधल्या काळात वाद फार हमरीतुमरीवर येऊ लागले. राखण करायला आम्ही तीन मॉडरेटर. मला नेमलं कारण बाकीच्यांना कामं होती. कोणाला ताकीद दिली की तो म्हणे, तुम्ही माणसं पाहून न्याय करता. तेव्हा साडूंनी एक नियम लिहून आणला. अपशब्द लिहिला की ताकीद. तिसऱ्या अपशब्दाला सभासद कायमचा बाहेर. अपील नाही, माफी नाही, आणि बाहेर गेलेल्याने आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून मंचावर आणायचं नाही. मॉडरेटरांनी लबाडी करू नये म्हणून अपशब्दांची यादी घालून त्यांनी एक प्रोग्रामही लिहिला, जो आपोआप मोजेल आणि आपोआप बाहेर काढेल. मी विरोध केला. म्हटलं, शब्दामागचा हेतू पाहायला माणूस पाहिजे. साडूंनी माझ्या म्हणण्याच्या चिंधड्या उडवल्या. "नियमाले डोये नसले पाह्यजे, साडभाऊ. डोये आले का ओयख आली." सभासदांनी मतं दिली, नियम जोरात मंजूर झाला. माझ्या बाजूने मी धरून अगदी थोडे लोक होते.

प्रोग्राम सुरू झाला त्याच दिवशी मारेगावची एक विद्यार्थिनी मंचावर आली. तिने नम्रपणे विचारलं, की माझ्या हातून चूक होऊ नये म्हणून सांगाल का, इथे कोणते शब्द चालत नाहीत? नवखी मुलगी, त्यात शिकण्याची हौस, साडू विरघळले. त्यांनी सगळी यादी वर्णक्रमाने लिहिली, प्रत्येक शब्दापुढे तो का वाईट आहे ते सांगितलं, खाली तिला शुभेच्छा दिल्या आणि कळ दाबली. 'अकलेचा कांदा', 'अडाणी', 'अर्धवट'. 'आ' लागायच्या आतच त्यांच्या प्रोग्रामने त्यांना मंचाबाहेर कायमचं काढलं होतं.

मी आधी पोट धरधरून हसलो. बायकोला बोलावून दाखवलं, तीही हसली. मग मला आठवलं की मी मॉडरेटर आहे आणि एक बटण दाबलं की साडू परत येतात. मी औदार्याने फोन लावला. साडू म्हणाले, "बटनाले हात लावाचा नाही." आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, घ्या ना त्याईले परत! आता घरात माह्याशीच वाद घालून राह्यले. फोडनीत मव्हरी आंधी का जिरं आंधी, याच्यावर सकायपासून बोलून राह्यले. मी 'तुमचं खरं' म्हनलं तं म्हनते, कारन सांग." मी त्याच दिवशी वणीची एसटी धरली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. साडू एका उघड्या मशीनपुढे बसले होते, आणि बाजूच्या पडद्यावर मंच लावलेला होता. वाचायला नाव नोंदवावं लागत नाही. बाहेरचा माणूसही वाचू शकतो, फक्त उत्तराची चौकट त्याला दिसत नाही. मी म्हटलं, "साडभाऊ, तुमी कोनाले शिवी देल्ली नाही. त्या पोरीले समजावून सांगितलं. हेतू पाहा लागते ना."

"हेतू पाह्याचा तं पाह्यनारा मानूस लागते," साडू मान वर न करता म्हणाले. "मानूस आला का साडभाऊ आला, अन् साडभाऊ आला का वशिला आला. नियम म्या लिवला. पयल्याच दिवशी माह्यासाठीच वाकवला तं उद्या कोन मानन त्याले?"

"पन प्रोग्राम चुकला तुमचा!"

"चुकला. मान्य." स्वतःची चूक त्यांनी माझ्यापुढे पहिल्यांदाच मान्य केली. "दुरुस्ती लिवून ठेवली हाये, ते टाका त्याच्यात. पुढच्याचं असं नाही होनार. पन जो गेला तो गेला. 'अपील नाही' असं लिवलं हाये का नाही तुमच्यासमोर?"

मी माझा सगळा युक्तिवाद पुन्हा मांडला, मंचावर हरलो होतो तोच, पण या वेळी पोटतिडकीने. त्यांनी तो पुन्हा मुद्द्यामागून मुद्दा खोडून काढला. त्यांच्याच नुकसानीसाठी ते माझ्याशी भांडले आणि जिंकले. मला कधी वाटलं नव्हतं की आपण एखादा वाद साडूंसाठी घालू आणि तोही हरू. बोलता बोलता त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. कोणीतरी काहीतरी चुकीचं लिहिलं होतं. त्यांचे हात आपोआप कीबोर्डवर गेले, थोडे थांबले, आणि ते फडक्याने कळांवरची पूड पुसू लागले.

आता मंचावर शांतता आहे. मी लिहितो त्याखाली 'छान माहिती', 'धन्यवाद सर' असं येतं. पूर्वी एक परिच्छेद लिहायचा तर साडू काय म्हणतील या धास्तीने मी चार ठिकाणी खात्री करून घेत असे. मला जे थोडंफार येतं ते त्या धास्तीने आलेलं आहे. आता मनात येईल ते ठोकून देतो आणि कोणी हूं की चूं करत नाही. खरं सांगतो, मला करमत नाही. गेल्या महिन्यात मी फोनवरचे निरोप कुलूपबंद कसे होतात यावर एक लेख टाकला. टाकल्यावर दुपारी फोन वाजला. साडूच होते.

"साडभाऊ, ते तिसऱ्या परिच्छेदात तुमी..." एवढं बोलून ते थांबले.

"बोला ना," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच आनंदी निघाला असावा. "काय चुकलं? लगेच दुरुस्त करतो."

"नाही," साडू म्हणाले. "तुमी दुरुस्त केलं का ते माह्यं म्हननं झालं. दुसऱ्याच्या तोंडून आनाचं नाही, असं हाये नियमात."

मी म्हटलं, "हो. हाये." ट्रक जाण्याचा आवाज आला, तो बराच वेळ चालला. मग साडूंनी विचारलं, "जेवले काय?"

इतक्या वर्षांच्या नात्यात आम्ही एकमेकांना हे कधी विचारलं नव्हतं. आमच्याकडे तेवढा वेळच नसायचा. मी म्हटलं, जेवलो, तुमी? तेही जेवले होते. त्यापुढे काय बोलायचं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि फोन ठेवायचं कोणाच्याच मनात येईना.