फाटलेल्या कडा

छातीच्या दवाखान्यातल्या त्या सिस्टरला सगळे फुंकरबाई म्हणत. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून आलं की तिच्या श्वासाच्या वर्गात दमेकरी डोळे मिटून सावकाश श्वास घेत आणि खोलीच जणू डुलकी काढायची. बाई स्वभावाने चिक्कू. एकाच चिठ्ठीचे हाताने दोन तुकडे करायची. माणसाने पहिल्या दिवशी श्वासाचा जोर मोजणाऱ्या नळीत फुंकलं की आकडा वरच्या तुकड्यावर, सहा आठवड्यांनी फुंकलं की खालच्या. नाव कुठेच नाही. आता बोला!

नव्या मोठ्या डॉक्टरांनी दोन्ही गठ्ठ्यांची सरासरी पाहिली. फरक विसाच्या आसपास. "एक माणूस दीडशे फुंकतो, दुसरा चारशे. त्यात वीस म्हणजे दर्या में खसखस. वर्गाचा उपयोग होतो याचा सोमवारपर्यंत पुरावा द्या, नाहीतर वर्ग बंद."

फुंकरबाईने दोन्ही गठ्ठे पिशवीत घालून घरी नेले. हा वर्ग तिने नवऱ्यासाठी सुरू केला होता.

संख्याशास्त्र शिकणारी भाची रविवारी घरी आली. "मावशी, दीडशेवाल्याची चारशेवाल्याशी तुलना करायचीच कशाला? ज्याची त्याच्याशी कर. आधीचा तू, नंतरचा तू. मधला फरक तेवढा घे. पण जोड्या कशा लावणार?"

"कडा आहेत की," मावशी म्हणाली.

दोघी जमिनीवर बसल्या. हाताने फाडलेली कड आपल्या जोडीखेरीज दुसऱ्या कुठल्याच कडेला लागत नाही. तुकडे सरकत, थांबत, मिळत गेले. प्रत्येक जोडीबरोबर मावशीला एकेकाचा श्वास ऐकू येई, शिट्टीसारखा, करकरणारा. खोलीभर माणसं येऊन बसल्यासारखं वाटलं तिला, आणि बरं वाटलं.

अकरा जोड्या लागल्या. दहा जणांचे आकडे वाढले, एकाचा पाचाने घसरला. "फरकांची सरासरी अठरा," भाची म्हणाली. "आता हे फरक आपसात किती वरखाली होतात ते बघायचं. त्यावरून कळतं, ही सरासरी नुसत्या योगायोगाने किती डगमगेल. ती डगमग आली तीन. अठरा म्हणजे तिच्या सहापट. अकरा जोड्यांना सव्वादोनपटीच्या वर गेलं की योगायोग म्हणणं जड जातं."

"एवढंच होय? उगाच बाऊ करतात मेले!"

एक वरचा तुकडा उरला. एकशे साठ. भाचीने तो उलटापालटा केला. "याला जोडी नाही. हा धरता येणार नाही, मावशी."

"माहीत आहे." तो तुकडा कोणाचा, हे भाचीलाही मग कळलं. काकांनी एकदाच फुंकलं होतं. मावशीने तो पाण्याच्या पेल्याखाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

सोमवारी डॉक्टरांनी कागद वाचला, मान डोलावली. वर्ग चालू ठेवा म्हणाले. मग बोट टेकवून विचारलं, "बारा आले, अकरा मोजले. बारावा का नाही आला?"

दवाखान्यात तिने हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. रोग्यांना शिकवायची तसाच सावकाश श्वास तिने घेतला.

"ते माझे मिस्टर होते, डॉक्टर. ते गेले."