पाव्हणे मागाशी बोलतात

सात नंबरच्या मागावर उजव्या हाताचा पंजा ठेवायचा, मान किंचित झुकवायची आणि मागालाच विचारायचं, "का वं बाई, आज वाकडी काबरं चाली राह्यनी?" आमच्या पाव्हण्यांचं हे रोजचं होतं. नवा माणूस ते बघून हसायचा. जुने हसत नसत, कारण बाई खरंच सरळ चालायला लागायची.

जळगावच्या एमआयडीसीत आमचा प्लॅस्टिकच्या चटयांचा कारखाना. माणसांचं खातं माझ्याकडे, म्हणजे भरती, रजा, रुसवेफुगवे आणि सुपरवायझर घडवणं. यातलं शेवटचं काम आपल्याकडे कसं चालतं ते तुम्ही पाहिलंच असेल. उत्तम माग चालवणारा माणूस हेरायचा, त्याला मागावरून उठवायचं आणि उद्यापासून तू साहेब, म्हणून सांगायचं. पाव्हणे असेच साहेब झाले.

अडचण एकच होती. त्यांच्या लाइनीत सात नंबरच्या मागावर त्यांचे सख्खे सासरे बसायचे.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. शिंदखेड्याच्या या जावयाला आबांनीच कारखान्यात चिकटवलं होतं. ते त्यांना पाव्हणे म्हणत, म्हणून अख्खा कारखाना पाव्हणे म्हणू लागला. शेटजींनी त्यांना तीन महिन्यांची मुदत दिली. जमलं तर कायम, नाही तर परत मागावर. पण पाव्हण्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पेढे वाटून टाकले. लोकांनी खाल्लेले पेढे काही परत मागता येत नाहीत. माघारी फिरायची वाट तिथेच बंद झाली.

पहिल्या दिवशी पाव्हणे लाइनीत शिरले आणि आबा उठून उभे राहिले. गुडघा कट्‌कन वाजला. टोपी सरळ केली, हात जोडले. पाव्हणे म्हणाले, बसा ना. आबा म्हणाले, "पाव्हना उभा शेतस नि मी कसा बसू?" मग कोणीतरी पाव्हण्यांसाठी खुर्ची आणली. पण सासरे उभे असताना जावई बसेल कसा? दोघेही उभेच. माग आपला चालूच. तेवढ्यात निळी रीळ संपली, ती बदलायला कोणी नव्हतं, आणि चटईवरच्या मोराला मान आली नाही. वर डोकं, खाली अंग, मध्ये नुसता पांढरा पट्टा. शेटजींनी ती चटई माझ्या टेबलावर अंथरली आणि निघून गेले.

मग हे रोजचंच झालं. लाइनीतले बाकीचेही महाबिलंदर. आबा उठले की तेही मोठ्या आदराने उठत आणि तेवढ्यात तंबाखू मळून घेत.

मी पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावले. डोळ्यांत बघा, नाव घ्या, चूक थेट सांगा, असं त्यांनी सकाळभर शिकवलं. दुपारी नाटुकलं करायला लावलं, एक सुपरवायझर आणि एक कामगार. कामगार म्हणून त्यांनी नेमकं आबांना पुढे बोलावलं, चेहरा अनुभवी वाटला म्हणे. पाव्हण्यांनी आबांच्या डोळ्यांत बघितलं. "आबा," म्हणाले, आणि वाकून पायाच पडले. आबांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. प्रशिक्षकांनी विचारलं, चूक सांगायची राहिली ना? पाव्हणे म्हणाले, ती पुढच्या खेपेला सांगतो.

आबांना दुसऱ्या लाइनीत हलवू या, असं मी सुचवून पाहिलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची मागे घेतली.

"पोर दिधी," ते म्हणाले, "आते मागबी दी टाकू का?"

मुदत संपत आली तसे पाव्हणे वाळायला लागले. डबा न उघडता घरी परत जाई. एकदा माझ्यासमोर बसून म्हणाले, "भाऊ, परत मागावर जायची मला लाज नाही. पण आबांना वाटेल, त्यांच्यामुळेच गेलं. ते नोकरी सोडून देतील." मला फार वाईट वाटलं, आणि उपाय मात्र एकही सुचेना.

मग एका सकाळी सातच्या चटईची किनार वाकडी यायला लागली. पाव्हण्यांनी आबांकडे सरळ पाठ केली, मागावर पंजा ठेवला आणि मागालाच रागावले. का वं बाई, वगैरे. आबा अर्धे उठले होते, ते अर्ध्यातच थांबले. पाव्हणे त्यांच्याशी बोलतच नव्हते, तर उठायचं कोणासाठी? ते खाली बसले, किनार सरळ केली आणि त्यांनीही मागालाच सांगितलं, "सांग वं बाई पाव्हनासले, निळी रीळ दर खेपले तुटस."

तुमच्याही घरात हे झालं असेल. माझी आई माझ्या आजोबांशी आयुष्यभर मांजरामार्फत बोलली. मने, पान वाढलंय म्हणावं. मांजर मेलं तेव्हा दुसरं आणेपर्यंत आमची जेवणं अडून राहिली होती.

रिळीची ती तक्रार आबांनी कितीतरी दिवस पोटात ठेवली होती. जावयाकडे गाऱ्हाणं करायचं तरी कसं? पाव्हण्यांनी त्याच दिवशी रिळी बदलून आणल्या. ते बघून सगळी लाइन आपापल्या मागाशी बोलायला लागली. कोणाला शनिवारी रजा हवी होती, कोणाची बायको आजारी होती, कोणाला पंख्याचा वारा लागत नव्हता. माझ्यासमोर जी माणसं कधी तोंड उघडत नसत, ती मागाला सगळं सांगत, आणि पाव्हणे शेजारी उभे राहून ऐकत. चटया सरळ यायला लागल्या.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी शेटजी लाइनीत आले आणि पाव्हण्यांना घेऊन थेट सातसमोर उभे राहिले. निळी रीळ संपत आली होती. पाव्हणे इतके घाबरले होते की मागावर हात ठेवायचंच विसरले. एकदम आबांकडे बघून म्हणाले, "आबा, रीळ."

सगळी लाइन थांबून बघू लागली. आबांचे दोन्ही हात उठण्यासाठी गुडघ्यांवर गेले. तिथे ते जरा वेळ राहिले. मग आबांनी ते उचलले आणि बसल्या जागी नवी रीळ चढवली.

"हाव, साहेब," आबा म्हणाले.

मोराला मान आली. शेटजींनी पाव्हण्यांच्या पाठीवर थाप मारली, पण पाव्हण्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते भिंतीकडे तोंड करून रुमाल शोधत होते.

गेल्या वर्षी धुळ्याला आमचा नवा कारखाना सुरू झाला आणि पाव्हणे तिकडे मोठे साहेब म्हणून गेले. आबा अजून सातवरच आहेत. पाव्हण्यांशिवाय लाइन नीट चालते, पण मला करमत नाही. मधूनमधून त्यांचा फोन येतो. भाऊ, फोन जरा सातजवळ धरता का, म्हणतात. मी धरतो.

"का वं बाई," धुळ्याहून आवाज येतो, "गुडघा दुखस का आजून?"

आता ते आबांचे साहेब राहिलेले नाहीत, नुसते जावई आहेत. आवाज ऐकताच आबा उठून उभे राहतात. गुडघा कट्‌कन वाजतो. टोपी सरळ करतात, फोनला हात जोडतात आणि मागाला म्हणतात, "सांग त्यासले, बठ्ठं बरं शे."

तोवर इकडे निळी रीळ संपलेली असते. ती चटई मी शेटजींना दाखवत नाही, गुंडाळून घरी नेतो. माझ्या घरात आता बिनमानेचे मोर बरेच झाले आहेत.