सर्व्हर, मालक आणि रशीदभाई

आमच्या दुकानातले किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडत नाही. दर आठवड्याला एक नवा घडतो आणि त्याच्या नादानं जुने चार निघतात. ऐकणारे हसतात. मीही हसायचे, आता तेवढं जमत नाही.

दुकान तुळजापुरात. कवड्यांच्या माळा, परड्या, हळद-कुंकू, देवीची वस्त्रं. लांबची गिऱ्हाईकं वेबसाइटवरून मागवतात. वेबसाइट चालायची मागच्या खोलीतल्या सर्व्हरवर आणि सर्व्हर चालायचा रशीदभाईंवर. मी ऑर्डरी बघते.

*

अख्ख्या दुकानात एसी एकच, तोही सर्व्हरसाठी. मालक जेवून तिथंच सतरंजी टाकून आडवे व्हायचे. एकदा गारठले आणि एसी बंद करून झोपले. तासाभरात सर्व्हर तापला, साइट बंद पडली. उठल्यावर उखडले ते रशीदभाईंवरच. "तुम्ही असताना मशीन तापतंच कसं?"

दुसऱ्या दिवशी रशीदभाईंनी घरून एक घोंगडं आणून त्या खोलीत ठेवलं. मालकांसाठी!

*

खंडेनवमीला मालकीणबाईंनी सर्व्हरची पूजा केली, अगदी यथासांग. हळद-कुंकू थेट पंख्याच्या जाळीवर. रशीदभाई दोन दिवस ब्रशनं हळद काढत होते.

पुढच्या वर्षी त्यांनी एक मेलेला सीपीयू पुसूनबिसून पुढं मांडला. "वहिनी, मेन मशीन हेच." तेव्हापासून पूजा त्याचीच. फुलं, नारळ, सगळं त्याला.

*

मग पुण्याचा सल्लागार आला. म्हणाला, सगळं क्लाउडवर नेऊ. म्हणजे कुठल्यातरी मोठ्या कंपनीच्या मशीनवर, भाड्यानं. भिंतीवर चित्रं दाखवून शेवटी म्हणाला, "आता इथं सर्व्हर सांभाळायला माणूस लागणारच नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रशीदभाईंनीपण वाजवल्या. मला राग आला तो माझाच, कारण मीही वाजवत होते.

*

सल्लागार म्हणाला, नवरात्राच्या आधीच साइट हलवू, तेव्हा ऑर्डरी कमी असतात. मालकांनी कानाला हात लावले. "नवरात्राआधी देवी निद्रेत असती, तवा नवं काम? आपल्यात चालत न्हाय." मुहूर्त काढला घटस्थापनेचा. वर्षातला सगळ्यात गर्दीचा दिवस!

झालं. साइटचा नवा पत्ता सगळीकडं पोचायला दोन दिवस लागतात. निम्मी गिऱ्हाईकं नव्या साइटवर, निम्मी अजून जुन्याच सर्व्हरवर. सल्लागार म्हणाला, जुना बंद करून टाका. रशीदभाई म्हणाले, "दोन दिस राहू द्या साहेब, लोकं अजून इकडंच यायलेत." आणि जुन्यावर आलेली एकेक ऑर्डर हातानं नव्यावर चढवत बसले. एक माळ इकडची तिकडं झाली नाही.

दसऱ्याला शाल-नारळ सल्लागाराला. ताट धरायला रशीदभाई.

*

दिवाळीच्या आधी मालकांनी त्यांना बोलावलं. "रशीदभाई, लई केलंत आमच्यासाठी. आता जरा आराम करा." आराम म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. सगळे आपापल्या कामाला लागले. मीपण. ते लोहाऱ्याला भावाच्या दुकानात बसायला लागले.

पुढच्याच आठवड्यात नव्या सर्व्हरनं आत शिरायला ओटीपी मागितला. क्लाउडचं खातं उघडलं होतं रशीदभाईंनी, नंबर त्यांचाच! मी फोन करायची, ते हातातलं काम टाकून आकडे सांगायचे. मालकांना मी हे मुद्दाम सांगितलं नाही. मनात होतं, सगळी चावी ह्या माणसाच्या मोबाइलवर आहे म्हटल्यावर आज ना उद्या त्यांना परत बोलवावंच लागेल.

एके दिवशी मालकांना कळलं. म्हणाले, "मग त्यात काय, माझा नंबर टाका." पण नंबर बदलायचा तरी ओटीपी जुन्याच नंबरवर जातो. मालकांनी फोन लावून स्पीकरवर ठेवला. काढून टाकल्यापासून पहिल्यांदाच बोलत होते.

"रशीदभाई, तुमचा नंबर काढून माझा टाकायलोय. एक ओटीपी आला असंल, तेवढा सांगा."

"व्हय मालक." त्यांनी सहाही आकडे सांगितले.

आकडे मी टाकत होते, माझ्याकडून एक चुकला. चुकला कसला, मी चुकवला. मालक माझ्यावर ओरडले.

पलीकडून रशीदभाई म्हणाले, "ताई, घाई न्हाय. परत सांगतो, लिहून घ्या."